इंग्रजांची ‘लूट’ आणि सुरतेची लूट

इंग्रजी भाषेने हिंदुस्थानातून जे शब्द नेले, त्यांपैकी आज सर्वाधिक चलनात असलेल्या शब्दांत ‘लूट’ हा शब्द मोडतो. दंगलीचे वृत्त देणारा अमेरिकी वार्ताहर तो वापरतो, आफ्रिकेतून आणलेल्या ब्राँझच्या मूर्तींविषयी लिहिणारा लंडनचा संग्रहालयतज्ज्ञ वापरतो, संगणकावरील खेळांत रमलेली मुलेही वापरतात. अमेरिकी बोलीत तर त्याचा अर्थ नुसता ‘पैसा’ असाही होतो. इंग्रजांनी हिंदुस्थानातून ‘लूट’ हा शब्दसुद्धा लुटून नेला, हा विनोद एव्हाना पुरेसा शिळा झाला आहे; तो पुन्हा करण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखाचा प्रश्न वेगळा आहे. शब्द परभाषेत जातो तेव्हा त्याच्या अर्थाचा कोणता भाग त्याच्याबरोबर जातो आणि कोणता मागे राहतो? आणि तिकडचा वेष चढवून तो परत आला, की आपण आपल्याच शब्दाकडे कोणत्या नजरेने पाहू लागतो? सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. मराठीत ‘सुरत’ म्हटले की पाठोपाठ ‘लूट’ येतेच, आणि शेजारच्या घरातला गुजराती माणूसही ते जाणून असतो.

सोयीसाठी पुढे इंग्रजीतला शब्द अवतरणचिन्हांत ‘लूट’ असा आणि आपला शब्द अवतरणाविना लिहिला आहे.

इंग्रजी ‘लूट’चा इतिहास पाहावयाचा तर पहिले दार अर्थातच ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाचे. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी रचलेला हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. कोश म्हणून तो जितका उपयुक्त, तितकाच वाचावयास रंजक आहे. कोशकार मध्येच गप्पांत रमतात, टोमणे मारतात, आठवणी सांगतात. ‘लूट’ या नोंदीत ते सांगतात की १७८८च्या एका शब्दसंग्रहात हा शब्द अर्थासह दिलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे चीनचे युद्ध, क्रिमियाचे युद्ध आणि १८५७चा उठाव या तीन प्रसंगांच्या दरम्यान तो शिपायांच्या तोंडून इंग्लंडातल्या बोलीत उतरला. ॲडमिरल स्मिथ यांच्या १८६७च्या नौकानयनविषयक शब्दकोशात तर हा शब्द चीनमधून घेतल्याचे म्हटले आहे, हेही ते नोंदवतात. शब्दाने किती हातांतून प्रवास केला, याचा याहून बोलका पुरावा नको. हिंदुस्थानी शिपायांकडून गोऱ्या शिपायांकडे, तेथून चीनच्या किनाऱ्यावरील खलाशांकडे. आणि खलाशांच्या अधिकाऱ्याला वाटले, शब्द चिनी आहे!

१७८८च्या त्या शब्दसंग्रहाविषयी मात्र हॉब्सन-जॉब्सनने जेवढे सांगितले त्याहून अधिक सांगण्यासारखे आहे. लंडनच्या स्टॉकडेल या प्रकाशकाने काढलेल्या त्या छोट्या पुस्तकाच्या आरंभी महाभियोगाच्या कार्यपद्धतीची माहिती छापलेली होती. वॉरन हेस्टिंग्जवरील खटला त्याच वर्षी फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टरमध्ये उभा राहिला होता. जमीनदार, नजराणा, दिवाणी असे अनोळखी शब्द रोज कानांवर पडत असलेल्या लंडनकर वाचकाला ते समजावेत, यासाठी हा संग्रह काढला गेला. म्हणजे कोशात इंग्रजी वाचकाची या शब्दाशी गाठ पडली ती त्यांच्याच गव्हर्नर-जनरलवर हिंदुस्थान नागवल्याचा आरोप होत असताना. एडमंड बर्क यांची भाषणे प्रसिद्धच आहेत. हेस्टिंग्ज १७९५ साली निर्दोष सुटले, ही पुढची गोष्ट.

विल्यम डॅलरिंपल यांनी ईस्ट इंडिया कंपनीवरील आपल्या ‘द अनार्की’ (२०१९) या ग्रंथाचा आरंभ याच शब्दापासून केला आहे. इंग्रजीत शिरलेल्या अगदी पहिल्या हिंदुस्थानी शब्दांपैकी तो एक होता, असे त्यांचे म्हणणे. ग्रंथाच्या विषयाला हा आरंभ शोभतो, यात शंका नाही. पण शब्दांच्या इतिहासाला तो मानवत नाही. ‘कॅलिको’ हा शब्द कालिकतहून सोळाव्या शतकातच इंग्रजीत गेला होता. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरतेच्या वखारीतून जाणाऱ्या मालाबरोबर ‘चिंट्झ’ म्हणजे आपले छिटाचे कापड गेले, मुंबईच्या डोंगरीचे जाडेभरडे ‘डंगरी’ गेले, व्यापारी वाणी ‘बनियन’ होऊन गेला. ‘लूट’ त्यांच्यामागून सव्वाशे-दीडशे वर्षांनी पोचली. आधी कापड आणि नंतर लूट, हा क्रम कंपनीच्या इतिहासाचाच क्रम आहे. डॅलरिंपल यांनी तो लक्षात घेतला असता तर त्यांच्या प्रतिपादनाला अधिकच बळकटी आली असती. शिवाय अठराव्या शतकाअखेरपर्यंत हा शब्द उत्तर हिंदुस्थानच्या मैदानांबाहेर क्वचितच ऐकू येई, असे जे विधान ते कोशाच्या हवाल्याने करतात, ते वाचून मराठी वाचकाला हसू आल्यावाचून राहणार नाही. संतांच्या अभंगांत हरिनामाची लूट करण्याचे आवाहन आहे. ते काही गंगाकाठी शिकून आलेले नव्हते.

व्युत्पत्तीच्या बाबतीत यूल-बर्नेल यांची पहिली अटकळ अशी की हा शब्द संस्कृत ‘लोत्र’पासून आला, त्याचे मूळ ‘लुप्’ या धातूत. १९०३ साली विल्यम क्रुक यांनी कोशाची नवी आवृत्ती काढली तेव्हा चौकटी कंसात आपली दुरुस्ती जोडली : मूळ ‘लुण्ट्’ असावे. क्रुक बरोबर आहेत असे मानावयास आपल्या शहरातच एक साक्षीदार उभा आहे. गुजरातीत हा शब्द ‘लूट’ असा नाही. तो ‘लूंट’ असा आहे. ‘लूंटवुं’, ‘लूंटारो’ या साऱ्या रूपांत अनुनासिक आहे. संस्कृतातील लुण्ट् आणि लुण्ठ् या धातूंतला णकार मराठीने आणि हिंदीने गाळला, गुजरातीने नाकात जपून ठेवला. ‘लोत्र’मधून हे अनुनासिक सहजासहजी निघत नाही. हॉब्सन-जॉब्सन तयार होण्यापूर्वीच, १८७३ साली, सुरतेचे कवी नर्मद यांचा ‘नर्मकोश’ पूर्ण होऊन प्रसिद्ध झाला होता. गुजरातीचा तो पहिला मोठा एकभाषिक कोश, एकट्या माणसाने बारा-तेरा वर्षे खपून केलेला. इंग्रज कोशकार संस्कृत धातूंकडे धावण्याआधी देशी भाषांची उच्चारणे एकमेकांशेजारी ठेवून पाहते, तर त्यांचा हेलपाटा वाचला असता. पण कोशकारांचा हा जुना दोष आहे, आणि तो केवळ इंग्रजांचाच आहे असेही नाही; आपल्याकडेही शब्द दिसला की संस्कृताचे दार ठोठावण्याची घाई असते, शेजाऱ्याचे दार कोणी ठोठावत नाही.

आता सुरतेकडे वळू. १६६४च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजीत ‘लूट’ हा शब्द नव्हता. वखारीतल्या इंग्रजांनी जे पाहिले ते सांगावयास त्यांच्याजवळ दुसरे शब्द होते, आणि त्या शब्दांचीही जन्मकथा पाहण्यासारखी आहे. ‘प्लंडर’ हा त्यांतला प्रमुख. तो मूळचा जर्मन. त्याचा मूळ अर्थ घरातले सामानसुमान, अंथरूण-पांघरूण, कपडालत्ता. युरोपातील तीस वर्षांच्या युद्धात सैन्ये गावोगावची असली चीजवस्तू ओढून नेऊ लागली आणि वस्तूचे नाव कृतीला चिकटले. इंग्लंडात हा शब्द १६४०च्या सुमारास, तेथील यादवी युद्धाच्या तोंडावर पसरला. म्हणजे सुरतेच्या प्रसंगी तो इंग्रजांच्या तोंडी जेमतेम पाव शतक रुळलेला होता. ‘सॅक’ म्हणजे पोते; शहर पोत्यात भरणे. ‘स्पॉइल’ म्हणजे मुळात जनावराचे सोललेले कातडे. ‘बूटी’च्या मुळाशी वाटणी आहे. एकेका शब्दात एकेक हालचाल गोठलेली : सोलणे, भरणे, ओढणे, वाटून घेणे.

त्या प्रसंगाचे एक प्रसिद्ध वर्णन सुरतेच्या वखारीतले पाद्री एस्कॅलियट यांनी त्याच महिन्यात पत्रातून इंग्लंडला धाडले. पत्र कोणाला, तर नॉर्विचचे डॉक्टर सर टॉमस ब्राउन यांना! इंग्रजी गद्याचा हा थोर कारागीर नवे शब्द घडविण्याबद्दलही ख्यात आहे. ‘इलेक्ट्रिसिटी’सारखे कितीतरी शब्द त्याच्या लेखनातून इंग्रजीत रुळले. शब्दांच्या अशा शौकिनाला सुरतेच्या लुटीचे सविस्तर पत्र गेले, आणि त्या लुटीचा देशी शब्द मात्र त्याच्यापर्यंत पोचला नाही. तो इंग्रजीत यावयाला अजून शतकाहून अधिक काळ लागावयाचा होता. साहित्याच्या इतिहासात अशा हुकलेल्या भेटी बऱ्याच असतात. ही मला विशेष चुटपुट लावते.

अठराव्या शतकात इंग्रजांच्या लष्करी लिखाणात ‘लूटी’, ‘लूटीवाला’ असे शब्द येऊ लागले. हे कोण, तर मराठ्यांचे किंवा हैदरअलीचे बेकवायती घोडेस्वार. येथे शब्दाच्या अर्थाने पहिले वळण घेतले. देशी भाषांत लूट ही कृती होती, कोणीही करावी. इंग्रजीत ती एका जातीच्या माणसांची ओळख झाली. स्वतः इंग्रज सैन्य जे घेई त्याला ‘प्राइझ’ म्हणत. त्याचे रीतसर कायदे होते, हिशेब होते, हुद्द्यानुसार वाटे होते. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूचा खजिना वाटावयास समिती बसली. १८१७-१८च्या युद्धात पेशवाई बुडाल्यावर दख्खनमध्ये जे हाती लागले, त्याचे नाव कागदोपत्री ‘डेक्कन प्राइझ’. त्याच्या वाटणीवरून लॉर्ड हेस्टिंग्ज आणि सर टॉमस हिस्लॉप यांच्या सैन्यांत असे भांडण जुंपले की ते वर्षानुवर्षे चालले, आणि विश्वस्त म्हणून ड्यूक ऑफ वेलिंग्टनसारख्यांना त्यात बसावे लागले. त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानचा म्हणून प्रसिद्ध असलेला ‘नासक’ हिरा याच मार्गाने लंडनच्या जवाहिऱ्यांकडे गेला. आज ज्या शहरात जगातले बहुतांश हिरे पैलू पाडण्यासाठी येतात, त्या सुरतेतल्या वाचकाला ही नोंद रुचणार नाही, पण ती करावयास हवी.

आणखी एक खटला येथे आठवतो. रायगडच्या किल्लेदाराच्या पुण्यातील घरातून कंपनीच्या अधिकाऱ्यांनी १८१८ साली सोने व अन्य ऐवज जप्त केला. तो त्याचा खासगी की पेशव्यांचा, असा वाद. वारसदारांच्या बाजूने लोक मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि तेथे जिंकलेही. पुढे १८३० साली, ‘एल्फिन्स्टन विरुद्ध बद्रीचंद’ या नावाने गाजलेल्या अपिलात प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. युद्ध संपून शांतता पुरती प्रस्थापित झालेली नसताना केलेली ही ‘शत्रुत्वाच्या नात्याची जप्ती’ होय, सबब दिवाणी न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असा त्याचा आशय. पुण्यातल्या त्या घरातील माणसांनी घडल्या प्रकाराला मराठीत कोणता शब्द वापरला असेल, हे सांगण्याची गरज नाही.

मग ‘लूट’ हा शब्द इंग्रजांनी स्वतःच्या कृतीला केव्हा लावला? तर १८५७-५८मध्ये, आणि तोही थट्टेच्या सुरात. दिल्ली आणि लखनौ पडल्यावर शिपाई, अधिकारी, पत्रलेखक सगळेच हा शब्द वापरू लागले. कैसरबागेतला धुमाकूळ ‘टाइम्स’चे वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल यांनी आपल्या दैनंदिनीत टिपून ठेवला आहे. शब्द परका असला की लाज बोथट होते. ‘प्लंडर’ केले असे म्हणावयास जो अधिकारी कचरेल, तो ‘थोडी लूट मिळाली’ असे हसत घरी लिहू शके; जणू खेळातले बक्षीस. दोनच वर्षांनी, १८६०मध्ये, पेकिंगचा उन्हाळी राजवाडा फोडला गेला. तेथे सापडलेले एक चिमुकले कुत्रे कॅप्टन डन यांनी आणून व्हिक्टोरिया राणीला नजर केले. राजवाड्यात त्या कुत्र्याचे नाव ठेवले गेले ‘लूटी’. चित्रकाराकडून त्याचे चित्रही काढवून घेतले. मराठा घोडेस्वाराला शिवी म्हणून घेतलेला शब्द राणीच्या गादीवरच्या कुत्र्याचे लाडके नाव झाला. अर्थांतराचे इतके नेमके उदाहरण भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही सापडणे कठीण.

याच काळातल्या एका मराठी पुस्तकाकडे येथे वळणे भाग आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेत दक्षिणेच्या आशेने गेले आणि १८५८च्या एप्रिलात झाशीत सापडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे वृत्त चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली छापून आणले. इंग्रज फौज शहरात शिरल्यावरचे दिवस त्यांनी लिहिले आहेत ते वाचताना आजही हात थबकतो. विशेष हे की गोडसे भटजी लूट म्हणजे निव्वळ गोंधळ म्हणून दाखवीत नाहीत. कोणत्या पलटणीने काय न्यावयाचे, कोणत्या दिवशी काय न्यावयाचे, याची पाळी लागलेली. सोनेनाणे एकांचे, भांडीकुंडी दुसऱ्यांची, मग कापड, मग धान्य. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह विस्कटला गेला त्याचे दुःख त्यांना माणसांच्या मरणाइतके झाले आहे. भिक्षुकाचे ते दुःख खरे आहे. रसेल जी गोष्ट विजेत्यांच्या छावणीतून पाहतात, ती गोडसे तळघराच्या फटीतून पाहतात. आणि दोघेही एकच शब्द वापरतात! पण एकाच्या हातात तो आठवणीची वस्तू आहे, दुसऱ्याच्या तोंडात तो कोरड पडल्यासारखा येतो.

इंग्रजी शब्दाची पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. शब्द कोणावर पडावयाचा हे तो उच्चारणाऱ्याच्या हाती राहिले. २००५च्या ऑगस्टात अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहर वादळाने बुडाले तेव्हा दोन वृत्तसंस्थांची दोन छायाचित्रे गाजली. दोहोंत माणसे छातीभर पाण्यातून खाण्याचे जिन्नस घेऊन चाललेली. एकातला तरुण कृष्णवर्णी. त्याने दुकान ‘लुटले’ अशी ओळ. दुसऱ्यातली जोडी गोरी. त्यांना पाव आणि पेये ‘सापडली’ अशी ओळ. छायाचित्रकार वेगळे होते, त्यांचे खुलासेही आले. तरी वाचकांना जे दिसले ते दिसले. ‘लूटीवाला’ या शब्दात जो कल होता तो सव्वादोनशे वर्षांनंतरही गेलेला नव्हता.

आपल्या लूटचा संसार याहून पुष्कळ मोठा आहे. दसऱ्याला आपण आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून लुटतो. सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघण्याचा तो दिवस. तेव्हा या लुटीत खऱ्या लुटीची सावली आहेच, पण घरी परतून तेच सोने थोरांच्या हाती देऊन पाया पडावयाचे असते. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हलवा ओतला की भोवतालची पोरे ती लुटतात; न लुटली तर बाळाच्या आईला वाईट वाटते. मौज लुटतो, आनंद लुटतो, वाहवा लुटतो. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका ‘वाण लुटतात’. येथे लुटणारी घेत नाही, देते! घरातली वस्तू दुसऱ्यांनी लुटून न्यावी म्हणून मांडून बसते. क्रियापदाची दिशाच उलटली. गुजराती घरांतली मुले त्याच दिवशी गच्च्यांवरून धावत कापलेले पतंग ‘लूंटतात’. ज्याने पकडला त्याचा तो, मूळ मालकाने मागावयाचा नाही, असा अलिखित कायदा. रिंग रोडवरच्या कापड दुकानावर सेलच्या दिवसांत ‘लूट’ अशी पाटी लागते तेव्हा दुकानदार चोराला बोलावत नसतो. मुबलक आहे, या, हवे तेवढे न्या, हा या शब्दाचा देशी भाव आहे. हिंसा त्यात आहे, पण ती त्याची सगळी मालमत्ता नव्हे. इंग्रजांनी नेला तो एवढाच तुकडा. वाण, बोरे, पतंग आणि हरिनाम त्यांच्या गलबतात चढले नाही.

हे सारे मांडण्याचे निमित्त २०२४च्या वादाचे आहे. त्या वर्षी २६ ऑगस्टला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला आणि त्यानंतरच्या राजकीय गदारोळात सप्टेंबरात एकाएकी सुरतेचा विषय निघाला. महाराजांनी सुरत लुटली असे आजवर शिकविले गेले ते चुकीचे, असे एका बाजूने सांगण्यात आले. दुसऱ्या बाजूने साधनांचे दाखले पुढे केले. वाद ऐकताना जाणवले ते हे की दोन्हीकडचे बहुतेक जण लूट म्हणताना मनात ‘लूट’ म्हणत होते. लूट म्हणजे गुन्हा. मग महाराजांनी ती केली कशी? म्हणून एकाने शब्द पुसावा, ‘स्वारी’ म्हणावे, ‘मोहीम’ म्हणावे. हा संकोच बखरकारांना नव्हता. शत्रूने हिणवण्यासाठी लावलेला शब्द अंगावर मिरवण्याची तर आपली जुनी रीत. मोगलांच्या फारसी इतिहासांत मराठ्यांना ‘गनीम’ म्हटले आहे. अरबी ‘गनीमत’ म्हणजे युद्धातली लूट. गनीम म्हणजे लुटणारा शत्रू. आणि आपण ‘गनिमी कावा’ हा शब्द आज किती अभिमानाने उच्चारतो! ज्यांना सुरतेची लूट बोचते त्यांना गनिमी कावा बोचत नाही, कारण त्याचे मूळ दिसत नाही.

लूट या शब्दाला सतराव्या शतकात शेजारीही होते. खंडणी, चौथाई, घासदाणा, जप्ती. प्रत्येकाची जागा वेगळी. सुरतेला येण्यापूर्वी महाराजांनी सुभेदार इनायतखान आणि हाजी सैद बेग, वीरजी व्होरा यांसारख्या बड्या सावकारांनी येऊन खंडणी ठरवावी असा निरोप धाडला होता. उत्तर आले नाही, इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, मग लूट झाली. १६७०च्या ऑक्टोबरात दुसरी लूट झाली. १६७२मध्ये सुरतेकडे चौथाईची मागणी गेली. तुमच्या बादशहामुळे मला माझ्या मुलखाच्या रक्षणासाठी फौज बाळगावी लागते, तिचा खर्च त्याच्या प्रजेने द्यावा, असा तिचा युक्तिवाद. पुण्यात शाहिस्तेखान तीन वर्षे तळ देऊन बसला होता, त्या उद्ध्वस्त मुलखाचा हिशेब या युक्तिवादामागे आहे. मागणी, लूट, बांधून दिलेली चौथाई अशी ही चढती पायरी आहे. मधली पायरी काढून टाकली तर खालची आणि वरची दोन्ही अधांतरी राहतात. ‘स्वारी’ या गुळगुळीत शब्दाने नेमके हेच होते.

पण हा बचाव येथे थांबविला तर तो अर्धाच राहील. बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेतील छावणीत अँथनी स्मिथ हा इंग्रज कैदी होता; धन लपविणाऱ्यांचे हात तोडण्याचे, शिरे उडविण्याचे हुकूम सुटताना पाहिल्याचे त्याने सांगितले. सुरतेचा मोठा भाग जळाला. फ्रेंच प्रवासी बर्निए यांनी लिहिले आहे की कापुचिन पाद्र्यांच्या मठाला आणि डच वखारीच्या एका दिवंगत, दानशूर दलालाच्या घराला धक्का लावला गेला नाही. हा प्रसंग आपण आवर्जून सांगतो आणि सांगावा. पण दोन घरे वाचली हे सांगताना उरलेल्या वाड्यांचे काय, हा प्रश्न सुरतेत बसून लिहिणाऱ्याला गिळता येत नाही. ‘सुरत सोनानी मूरत’ असे ज्या शहराविषयी म्हणत, त्या शहराने लूंट हा शब्द नाकातून उच्चारला काय आणि कंठातून उच्चारला काय, त्याच्या लेखी त्यात बोरन्हाण नव्हते. उधना-लिंबायतमध्ये खानदेशातून पोटासाठी आलेली आपली माणसे शिवजयंतीची मिरवणूक काढतात आणि गुजराती शेजारी त्यांना पाणी देतो. ही गोष्ट त्या शब्दावर पांघरूण घातल्याने घडलेली नाही. साडेतीनशे वर्षांत दोन्ही बाजूंनी तो शब्द उच्चारून उच्चारून झिजवला, म्हणून ते साधले. माझे मत विचाराल तर मराठी पाठ्यपुस्तकात ‘सुरतेची लूट’ हेच शब्द राहावेत, आणि तिच्याआधीचा खंडणीचा निरोप व तिच्यानंतरची चौथाईची मागणी यांनाही त्याच पानावर जागा मिळावी. इंग्रजीत भाषांतर करणाऱ्याने मात्र ‘लूट’ हा शब्द घेऊ नये. तो दिसावयास आपला असला तरी त्याच्यात आता आपले फारसे काही उरलेले नाही; तेथे त्या काळचा ‘प्लंडर’ पुरे. वखारीतल्या साक्षीदारांचे इंग्रजी तेच होते.

शब्दाचे दोन्ही काठ एकदम दिसावेत असा योग नुकताच आला. २०२५च्या एप्रिलात नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती विकत घेतली. ऑगस्टात ती मुंबईस पोचली. ती इंग्रजांच्या हाती गेली कशी, याविषयी सांगितले गेले ते असे की १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर एकतर लूट म्हणून किंवा नजराणा म्हणून गेली असावी. वृत्तपत्रांनी अर्थातच यांतला पहिला शब्द उचलला. पण ही तलवार ज्यांच्या नावाची, त्या रघूजींच्या फौजा १७४०च्या दशकात बंगालवर जात होत्या. तेथे ‘बर्गी’ आले असे सांगून मुलांना झोपविण्याची अंगाईगीते आजही म्हटली जातात. तलवार मुंबईत आली त्या दिवसाच्या मराठी बातम्यांत लूट हा शब्द होता आणि बंगालचा उल्लेखही होता. बंगालचा उल्लेख होता तेथे शब्द ‘मोहिमा’ हा होता.